बहिरी ससाण्याची उत्सवमूर्ती

टोकियोला खेटून असलेल्या कानागावा प्रांतात सागामिहारा नावाचं शहर आहे. तिथे जपानच्या 'जाक्सा' या अंतराळसंस्थेचं एक आवार आहे आणि आवारात एक भलंमोठं रॉकेट आडवं पडलेलं आहे. जत्रा उठल्यावर पाळणेवाल्याचा खांब पडून राहतो, तसं. आत प्रदर्शनाचं दालन आहे. तिकीट नाही. लघुग्रहावर जाऊन आलेल्या 'हायाबुसा' घराण्यातल्या यानांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती जपानमध्ये एकाहून अधिक ठिकाणी मांडलेल्या आहेत, पण त्यांचं माहेर म्हणजे हे सागामिहारा. प्रतिकृती दिसायला कशी? थोराड फ्रिजएवढा चौकोनी खोका, त्याला मिठाईच्या डब्यातून काढल्यासारखा चुरगळलेला सोनेरी कागद, दोन बाजूंना काळसर पंख, आणि पोटाखाली एक लांबुडका भोंगा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेसहा मीटर भरतं. अशा वस्तूसमोर आलेला माणूस, तो कुठल्याही देशाचा असो, पहिला प्रश्न एकच विचारतो: हे खरं आहे का? शेजारची पाटी 'खऱ्या मापाची प्रतिकृती' असं सांगते आणि माणसाचा चेहरा पडतो. श्रीखंड म्हणून ताटात नुसता चक्का वाढला गेल्यासारखा. फोटो तो तरीही काढतो, पण दोनच. खऱ्याचे वीस काढले असते.

माझं म्हणणं असं की हा चेहरा पाडण्याचा अधिकार निदान मराठी माणसाला तरी नाही. मूळ मूर्ती आणि उत्सवमूर्ती यांतला व्यवहार आपल्याला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असतो. मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही. पालखीत बसून गावातून फिरते ती उत्सवमूर्ती. पालखी दारात आली म्हणजे ओवाळायला तबक घेऊन उभी असलेली कुणी बाई 'ही ओरिजिनल आहे ना?' असं विचारत नाही. पुण्यातल्या कित्येक गणेश मंडळांत तर व्यवहार आणखी पुढे गेलेला आहे: मोठी मूर्ती वर्षानुवर्षं तीच राहते, आणि विसर्जन होतं ते समोरच्या छोट्या पूजेच्या मूर्तीचं. कोण खरं आणि कोण प्रतिनिधी, हा हिशेब तिथे इतका सहज उलटसुलट होतो की एखाद्या तत्त्वज्ञाला झीट यावी. पण मंडळाच्या कार्यकर्त्याला येत नाही, कारण त्याला ट्रॅक्टर वेळेत आणायचा असतो. इतक्या सरावाच्या समाजाने प्रतिकृतीला 'नकली' म्हणणं म्हणजे आपलंच शिक्षण विसरणं आहे. आणि हायाबुसाच्या बाबतीत तर मामला याहूनही पुढचा आहे, कारण तिथे गाभाऱ्यात मूळ मूर्तीच नाही.

मग अस्सल यान आहे तरी कुठे? हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. ९ मे २००३ रोजी त्याने उड्डाण केलं, सप्टेंबर २००५ मध्ये तो इतोकावा नावाच्या लघुग्रहापाशी पोहोचला, आणि १३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या आकाशात परत आला. रासायनिक इंधन आधीच गळून गेलेलं असल्यामुळे लघुग्रहावरचे कण ठेवलेली डबी सोडून दिल्यावर बाजूला होणं त्याला जमणारं नव्हतं. डबीच्या मागोमाग तोही वातावरणात शिरला आणि जळून खाक झाला. चाळीस सेंटिमीटर व्यासाची ती डबी तेवढी वाळवंटात उतरली आणि सागामिहाराला आली. इतोकावावर उतरताना खूण म्हणून त्याने एक गोळा टाकला होता. त्यावर १४९ देशांतल्या ८ लाख ८० हजार लोकांची नावं कोरलेली होती आणि तो अजून तिथेच आहे. (दगड दिसला की त्यावर नाव टाकायची ही हौस आपल्याकडे गडांवर कुठल्याही अंतराळसंस्थेच्या मदतीशिवाय भागवली जाते.) राहता राहिला मिनर्व्हा नावाचा चिमुकला यंत्रमानव. त्याला लघुग्रहावर उतरवायचं होतं, पण यान वर सरकत असतानाच तो सुटला आणि नेम चुकून अवकाशात भरकटला. म्हणजे एक स्थान इतोकावावर, एक वूमेराच्या आकाशात, एक सागामिहारात, आणि मिनर्व्हाचं अर्धं. साडेतीन पीठं! या हिशेबात बसणारी वस्तू 'अस्सल स्वरूपात' पाहायचा हट्ट धरणाऱ्याने आधी प्रवासखर्चाचा अंदाज काढावा.

दुसरा पुरावा मला अधिक वजनाचा वाटतो. हायाबुसाला त्याच्या कामाच्या जागी कुणी पाहिलेलंच नाही. उड्डाणाआधीचे फोटो आहेत, म्हणजे लग्नाआधीचे. पण ज्या कर्तृत्वासाठी त्याचं नाव झालं, त्या वेळचं त्याचं रूप काय हाताशी आहे? इतोकावाच्या जमिनीवर पडलेली त्याची सावली त्याने स्वतःच टिपली. भरकटत निघालेल्या मिनर्व्हाने जाता जाता एक फोटो काढला, त्यात पंखाचा तुकडा आला. आणि शेवटी वूमेराच्या रात्री आकाशात फुटत गेलेला उजेड. सावली, तुकडा आणि उजेड एवढ्या भांडवलावर नाकाडोळ्यांचा अंदाज कुणी करू शकत नाही. भुताच्या गोष्टीतसुद्धा याहून जास्त वर्णन असतं. सात वर्षं, सहाशे कोटी किलोमीटर, आणि डोळ्यांनी बघावं असं त्याचं अंग उरलं असेल तर ते या प्रतिकृतीतच. नक्कल म्हणजे अस्सलाच्या मागून येणारी गोष्ट, असं आपण धरून चालतो; इथे अस्सल निघून गेल्यावर नक्कल हेच त्याचं राहतं घर झालं आहे.

आता गंमत अशी, की हे घर मूळ मालकापेक्षा दणकट आहे. यानाचे पंख वजनरहित जागेसाठी बनवलेले असतात. पृथ्वीवर ते तसेच उघडून ठेवले तर स्वतःच्या भाराने वाकतील. कारखान्यात पंख उघडून पाहायची चाचणीसुद्धा भार तोलून धरणारी सोय करून घ्यावी लागते. म्हणजे जे यान सहाशे कोटी किलोमीटर फिरून आलं, त्याला दालनात पंख पसरून आरामात उभं राहणं जमलं नसतं. प्रतिकृतीला ते वर्षानुवर्षं जमतं, तेही शाळांच्या सहली अंगावर झेलून. सोनेरी कागदाचंही असंच. तो सोन्याचा नाही आणि कागदही नाही. पिवळसर तपकिरी रंगाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनियमचा मुलामा, त्यामुळे वरून सोनं झळकतं. खऱ्या यानावर अशा कित्येक थरांची गोधडी असते, थरांमध्ये जाळी असते, आणि ती कपड्यासारखी बेतून, कापून, शिवून अंगावर चढवावी लागते. थर एकमेकांना घट्ट चिकटले तर उष्णता एकातून दुसऱ्यात जाईल, म्हणून ती सैल आणि चुरगळलेलीच बरी. जवळ जाऊन पाहिलं तर कोपऱ्यांवर दुमडलेल्या कडा दिसतात, कुठे चुणी पडलेली असते, कुठे घाईत बांधलेल्या खोळीसारखा फुगवटा. ज्यांना अंतराळयान म्हटलं की गुळगुळीत, चकचकीत, सिनेमातलं काहीतरी हवं असतं त्यांची इथे निराशा होते. ज्यांच्या घरी आजीच्या हातची गोधडी आहे त्यांना मात्र हे यंत्र पाहताक्षणी ओळखीचं वाटायला हरकत नाही. आणि ही ओळख पडद्यावरच्या चित्रातून होत नाही. पडद्यावर लघुग्रह आणि यान शेजारी काढतात तेव्हा दोघं जुळ्या भावांसारखे दिसतात. इतोकावाची लांबी पाचशेहून जास्त मीटर, यानाची रुंदी पावणेसहा. बोटांनी मोठं-लहान करता येणाऱ्या वस्तूला माप नसतं. प्रतिकृतीला असतं, आणि ते माणसाने आपल्या खांद्याशी लावून पाहायचं असतं.

यावर शहाणी माणसं सांगतात की प्रतिकृती खोटं बोलते. बोलते. ते कबूल करायला मला संकोच नाही. यानाच्या एका बाजूला चार गोल जाळ्या दिसतात, ती आयन इंजिनं. दालनातल्या दिव्यांत ती अशी काही रुबाबदार दिसतात, की पाहणाऱ्याला वाटावं, आता बटण दाबलं की छप्पर फोडून जाईल. प्रत्यक्षात अशा एका इंजिनाचा जोर एका येनच्या नाण्याच्या वजनाइतकासुद्धा धड भरत नाही, आणि ते नाणं वजनाला एक ग्रॅम. तळहातावर नाणं ठेवलं की जेवढा भार जाणवतो, म्हणजे जवळजवळ जाणवतच नाही, तेवढ्या रेट्याने पाचशे किलोंचं यान ढकलायचं. पण अंतराळात वाटेत कुणी आडवं येत नाही आणि रेटा थांबत नाही. चारही इंजिनांचे कामाचे तास एकत्र मोजले तर सुमारे चाळीस हजार होतात. सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकते तीही याच तत्त्वावर. फक्त तिथे या इंजिनांसारखा झेनॉन वायू लागत नाही. प्रतिकृती हा सगळा आळशी दिसणारा चिवटपणा दाखवू शकत नाही. ती दाखवते फक्त तोरा. पण याचा उपाय प्रतिकृती हलवणं हा नाही. तिच्याशेजारी एका बशीत एक येनचं नाणं ठेवणं हा आहे.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: ती आतून पोकळ आहे. हायाबुसाची सगळी कथा तर आतच घडली. यानाची दिशा सांभाळणारी तीन चाकं होती, त्यातली दोन नेमकी मोक्याच्या वेळी बसली. प्रतिकृतीची तिन्ही शाबूत आहेत, कारण आत एकही नाही. पोटाखालच्या भोंग्यातून लघुग्रहावर गोळी झाडून उडालेली धूळ गोळा करायची होती. गोळी सुटलीच नाही. मग डिसेंबर २००५ मध्ये संपर्क तुटला, आणि बहिरी ससाण्याने मराठीतलं आपलं नाव सार्थ केलं. दीड महिना त्याला काही ऐकू आलं नाही. २३ जानेवारी २००६ ला त्याचा क्षीण आवाज सापडला, तर बोलायला शब्द नाहीत. प्रश्न विचारायचा आणि लहर चालू की बंद एवढ्यावरून 'हो' किंवा 'नाही' समजून घ्यायचं. कोकणात देवाला कौल लावतात त्याची ही तंतोतंत पद्धत, फक्त देव कोट्यवधी किलोमीटर दूर आणि पाकळी पडायला कितीतरी मिनिटं लागायची. पुढे नोव्हेंबर २००९ मध्ये इंजिनंही एकेक करून थकली, तेव्हा अभियंत्यांनी एका इंजिनाचा आयन सोडणारा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा विद्युतभार फेडणारा अर्धा भाग जोडून त्यांचं एक इंजिन केलं. हे जमलं, कारण उड्डाणाआधीच दोन विद्युतमंडलं जोडणारा एक किरकोळ सुटा भाग कुणीतरी दूरदृष्टीने आत बसवून ठेवला होता. हे सगळं खरं, आणि यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. पण मूळ यान समोर असतं तरी दिसलं असतं का? सोनेरी गोधडी उसवून आतली चाकं दाखवायला कुणी तयार झालं नसतं. पिंगुळीच्या चित्रकथींमध्ये कथेकरी चित्र समोर धरतो आणि गोष्ट तोंडाने सांगतो. चित्र नसेल तर ऐकणाऱ्याची नजर ठरत नाही आणि कथेकरी नसेल तर चित्र मुकं. प्रतिकृती हे ते चित्र आहे. बोट रोखून 'ही इथली चाकं बसली' असं म्हणायला तिच्यात एक 'इथं' असतं. पोकळपणाची तक्रार करायचीच असेल तर ती तिच्याशेजारी गप्प उभ्या राहणाऱ्या माणसाविरुद्ध करावी.

काहीजण म्हणतात, अवशेष दाखवा की! डबी खरी आहे, आतले कण खरे आहेत. बरोबर आहे, आणि २०१० साली ती डबी पाहायला जपानी लोकांनी रांगा लावल्याच. पण कण पाहण्याचा अनुभव कसा असतो याचाही विचार व्हावा. यान निघालं तेव्हा योजना २००७ साली परत यायची होती. आलं २०१० ला. जपान्यांनी त्याची तुलना पहिल्यांदा एकट्याने वाण्याकडे पाठवलेल्या पोराशी केली, ती अगदी चपखल आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर कोथिंबीर आणायला पाठवलेलं पोर तीन वर्षं उशिरा, चप्पल तुटलेल्या अवस्थेत आलं आणि पिशवी उपडी केली तर तळाशी थोडी धूळ निघाली. सुमारे दीड हजार कण, त्यातले बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. आईने पोराला रागावावं तर ते स्वतः दारातच कोसळलेलं. देश रडला, आणि २०११-१२ मध्ये त्यावर तीन सिनेमे निघाले. विज्ञानाच्या दृष्टीने ही धूळ अनमोल आहे याबद्दल वाद नाही. परंतु रविवारी दोन मुलांना घेऊन आलेल्या बापाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, काळा ठिपका पाहायचा, आणि मागे वळून 'बघा, हे खरं आहे' म्हणायचं, यात मुलांच्या हाती काय लागतं? ती मान डोलावतात आणि पुन्हा सोनेरी गोधडीकडे पळतात. त्यांचं चुकत नाही. भाविकसुद्धा पादुकांवर डोकं टेकवतो, पण संतांचं रूप आठवायचं झालं की त्याच्या डोळ्यांपुढे मूर्तीच येते.

शेवटचा आक्षेप शास्त्रशुद्ध विचारांच्या मंडळींचा आहे: उत्सवमूर्ती, कौल, पीठं ही सगळी भाषा यंत्राला लावून तुम्ही विज्ञानाचा देव्हारा करताय. आरोप मजकडे येण्याआधी तो संबंधितांकडे जावा अशी विनंती आहे. मोहिमेचे प्रमुख जुनइचिरो कावागुची इंजिनाच्या त्या अडचणीच्या काळात ओकायामा प्रांतातल्या एका देवळात जाऊन आले. ते देऊळ निवडायचं कारण एवढंच, की त्याच्या नावातली चित्राक्षरं आणि इंजिनातल्या विद्युतभार फेडणाऱ्या भागाच्या नावातली चित्राक्षरं एक आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या क्रियेला 'उदासिनीकरण' म्हणतात. म्हणजे हाच प्रसंग आपल्यावर आला असता तर शास्त्रज्ञ उदासीन आखाड्याचा पत्ता विचारत फिरले असते. आणि प्रतिकृतीचंच बोलायचं, तर इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, हे वर्तमानपत्रांत दर मोहिमेला छापून येतं. अस्सल रॉकेट श्रीहरिकोट्याला, प्रतिकृती बालाजीपुढे. कामाची वाटणी चोख आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि महिन्याभरात आलेल्या गणपतीत आपल्याकडे ठिकठिकाणी विक्रम लँडर देखाव्यात उतरला. त्याचे पाय कुठे तीन झाले असतील, कुठे पाच. मापाच्या बाबतीत मी त्या देखाव्यांची बाजू घेणार नाही. सागामिहाराकडून शिकण्यासारखं असेल तर ते हेच, की प्रतिकृती करायची तर मापात करावी. भक्ती कुठल्याही मापात चालते. माहिती चालत नाही.

राहिला ओळखण्याचा प्रश्न, कारण घराण्यात आता दोघं आहेत. डोक्यावर पांढरी परात असेल तर तो पहिला हायाबुसा; परातीऐवजी दोन चपट्या थाळ्या असतील तर तो दुसरा, हायाबुसा-२. हा धाकटा डिसेंबर २०१४ मध्ये गेला, र्‍यूगू नावाच्या लघुग्रहावर दोनदा टेकला, आणि ६ डिसेंबर २०२० ला ५.४ ग्रॅम माती असलेली डबी वूमेराला टाकून, थोरल्यासारखं न जळता, तसाच पुढे निघून गेला. म्हणजे एका प्रतिकृतीचा मूळ पुरुष दिवंगत, तर दुसरीचा हयात आणि नोकरीत. हयात माणसाच्या फोटोला हार घालणं आपल्याकडे अशुभ मानतात, तेव्हा सागामिहाराला जाणाऱ्या मराठी मंडळींनी फुलं नेलीच तर आधी डोक्यावरची परात बघावी. थाळ्या दिसल्या तर फुलं पिशवीतच राहू द्यावीत. तो २०३१ साली १९९८ केवाय२६ या लघुग्रहापाशी पोहोचायचा आहे, आणि तो दगड ताज्या मोजमापांनुसार जेमतेम अकरा मीटरचा आहे.